बेलढाण्याचा झिरा

१२ नोव्हेंबर, अमरावती

खुशालरावांचं काम मिळालं. चिखलदऱ्याच्या पठारावर त्यांचं मोठं हॉटेल बांधणं चाललंय, त्याला पाणी शोधून द्यायचं. नोकरी सोडून स्वतःचं सुरू केल्याला सात महिने झाले. एवढ्या दिवसांत संत्र्याच्या चार बागा आणि प्लॉटांचे दोन लेआउट, बस. दारावर भूजल तज्ज्ञ म्हणून माझ्या नावाची पाटी आहे. लोक ती वाचतात आणि मलाच विचारतात, साहेब कधी येतील? म्हणून हे काम मला हवंच होतं.

खुशालराव बोलायला मोकळे आहेत. म्हणाले, "मॅडम, अकोल्यात आता मार्चमध्येच पारा चाळीसच्या वर जाते. लोकं वर पळतात. खाली जितकं तापन, तितकं आमचं वर चालन." मी हसले.

ही वही कामाच्या टिपणांसाठी आणली आहे. बाकीचं लिहायचं नाही असं ठरवलंय.

१६ नोव्हेंबर, चिखलदरा

वायरची रिळं धरणारा माणूस ऐन वेळी आला नाही. बाबा डोळे तपासायला बार्शीटाकळीहून माझ्याकडे आले होते, त्यांनाच गाडीत घातलं.

बाबा पाणाडे. तळहातावर नारळ आडवा धरून शेतात फिरतात, नारळ उभा राहिला की तिथं खणा म्हणतात. आमच्याकडच्या कितीतरी विहिरी त्यांनी सांगितलेल्या आहेत. कॉलेजात मी वडील शेती करतात असं सांगायचे. ते खोटं नव्हतं, शेतीही करतात.

जागेवर पोचलो तर खुशालरावांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणाले, "आमच्याकडचे मदतनीस."

बाबांच्या हातात रीळ होतं. त्यांनी ते खाली ठेवून खुशालरावांना नमस्कार केला. मग दिवसभर मला मॅडम म्हणत राहिले. "मॅडम, वायर सोडू का? मॅडम, खिळा बसला." ते मजा करत होते की कसं, मला अजून कळलं नाही.

सहा ठिकाणी चाचणी झाली. जमिनीत चार लोखंडी खिळे ठोकायचे, वीज सोडायची, खडक किती विरोध करतो ते यंत्रावर वाचायचं. कोरडा खडक अडवतो, ओला जाऊ देतो. पहिल्या चार जागा भाकड. पाचवी चांगली. सहावी कड्याच्या अगदी काठावर घेतली, सहज म्हणून. तिथंही तोच ओला थर, तेवढ्याच खोलीवर.

१७ नोव्हेंबर

सकाळी बाबा खोलीत नव्हते. शोधत त्याच कड्याखाली उतरले. अर्ध्या तासाच्या उतारावर बेलढाणा, कोरकू आदिवासींची तीस-पस्तीस घरं. वस्तीच्या डोक्यावर, कड्याच्या पायथ्याशी झिरा. काळ्या दगडाखाली गेरूसारखा लाल मातीचा पट्टा आहे, हातभर जाडीचा. त्या पट्ट्यावरून पाणी बाहेर येतं. बाबा तिथं एका बाईशी बोलत बसले होते. सुमरतीबाई कासदेकर. साठीची असेल. नळी लावून झिऱ्याचं पाणी वस्तीपर्यंत आणायचं काम तिनंच पुढं होऊन करून घेतलेलं.

ती सांगत होती, "पहले यहाँ दिवाली तक धुंध रहती थी, कपड़ा नहीं सूखता था. बारिश चार महीने टपकती थी तो पहाड़ पीता था. अब चार दिन में गिरती है और नाले से भाग जाती है. पहाड़ के मुँह में कुछ जाता ही नहीं." पूर्वी जूनपर्यंत धार अशीच असायची, आता मे महिन्यात करंगळीएवढी होते, पण आटली कधीच नाही.

मी बादली लावून घड्याळ पाहिलं. पंधरा लिटरला पंचावन्न सेकंद.

परत चढताना बाबा म्हणाले, "अपेक्षा, वर नको टोचू."

"काहून?"

"पानी त्या लाल थरावर बसलं हाय. वरून भोक पाडलं तं खाली निघून जाईन. ह्या लोकाइनं काय प्यावं मंग?"

मी म्हणाले, "बाबा, नारळाचं इथं काढू नका." सुमरतीबाई सोडायला मागंच येत होती. तिनं ऐकलं असणार. बाबा पुढं होऊन चढू लागले.

२१ नोव्हेंबर, अमरावती

अहवाल पूर्ण केला. पाचव्या जागेवर बोअर सुचवला.

सहावी जागा त्यात घेतली नाही. काठावर खडक उघडा होता, एक खिळा नीट बसला नव्हता, यंत्रावरचं असं वाचन धरण्यात अर्थ नसतो. शास्त्रात शंकास्पद वाचन वगळायचंच असतं. शिवाय ती जागा घेतली की थर पाचव्यापासून काठापर्यंत सलग दिसतो, मग दहा प्रश्न उभे राहतात, आणखी चाचण्या, दोन महिने. खुशालरावांना उन्हाळ्याच्या आत पाणी पाहिजे.

परवानगीसाठी शेवटी एक वाक्य लागतं. "सदर बोअरमुळे परिसरातील नैसर्गिक स्रोतांवर परिणाम संभवत नाही." ते लिहिलं. सही केली. सही चांगली आली नाही, दुसरी प्रत काढून पुन्हा केली.

४ डिसेंबर, चिखलदरा

बोअर लागला. एकशे ऐंशी फुटांवर असं पाणी उसळलं की मजूर भिजून निघाले. खुशालरावांनी शाल दिली, पेढे वाटले. मला आनंद झाला, हे लिहून ठेवते.

साठ फुटांच्या आसपास लाल चिखल वर येऊ लागला होता. बोअरवाल्यानं इंजिन हळू करून विचारलं, "मॅडम, लाल लागला. पाइप कुठवर टाकू?" पाइप लाल थराच्या खालपर्यंत नेऊन भोवती सिमेंट भरलं तर वरचं पाणी वर राहतं. त्याला एक दिवस जास्त लागतो. खुशालराव घड्याळ पाहत होते. मी म्हणाले, "नेहमीसारखा वीस फूट टाका."

बाबांना बोलावलं नव्हतं.

२९ जानेवारी

यंदा थंडी पडलीच नाही. आईचा फोन होता, घरी रात्री पंखा लावतात म्हणाली. बाबांचा आवाज मागून आला, वरच्या झिऱ्याचं काय म्हणून. ठीक असेल म्हटलं.

६ मार्च

सुमरतीबाईनं बाबांना फोन केला. त्यांनी तिला नंबर देऊन ठेवला होता, मला माहीत नव्हतं. झिरा आठ दिवसांपासून थेंब थेंब आणि कालपासून बंद.

बाबांनी मला एवढंच सांगितलं. मी म्हणाले, मार्च आहे बाबा, पारा चाळीसवर गेलाय. ते हो म्हणाले.

८ मार्च

महिला दिनाचा सत्कार. माझ्याबद्दल बोलताना निवेदिका म्हणाली, "डोंगरावर पाणी शोधणारी वऱ्हाडची लेक." टाळ्या झाल्या. स्मृतिचिन्ह घरी आणून कपाटात आडवं ठेवलं.

९ मार्च, बेलढाणा

एकटी गेले. वाटेत कोणाला काही सांगितलं नाही.

लाल पट्टा कोरडा. हात लावला तर बोटाला माती लागली, ओल नाही. नळी तशीच जोडलेली होती. बायका आता दरीतल्या नाल्यातून पाणी आणतात. उतरायला पाऊण तास, चढायला त्याच्या दुप्पट. तिथंही डबक्यात वाळू उकरून वाटीनं भरावं लागतं.

वर हॉटेलच्या मोटारीचा आवाज बेलढाण्यात ऐकू येतो. मी असेपर्यंत तो थांबला नाही.

सुमरतीबाई म्हणाली, "पानी वाली बाई आई है, अब कुछ होगा." बाकीच्या बायकांना बोलावून आणलं तिनं. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

१८ मार्च, अमरावती

बेलढाण्यानं तहसीलला अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, आमच्या खात्याचा माणूस यायला महिना लागेल, तोवर एखाद्या तज्ज्ञाचं लेखी मत जोडा. बोअरचे मालक म्हणून खुशालरावांनाही बोलावलं होतं, त्यांनी माझं नाव सुचवलं. मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हणाले असते तर का, ते सांगावं लागलं असतं.

चार दिवस बसून लिहिलं. डोंगराळ भागातले झरे तापमानवाढीनं कसे आटतायत, ते सगळं. पाऊस तेवढाच, पण थोड्या दिवसांत कोसळतो, वाहून जातो, जमिनीत मुरत नाही. हिवाळा ऊबदार, माती लवकर कोरडी. हिमालयातल्या झऱ्यांपासून सातपुड्यापर्यंत हीच गत. आलेख काढले. सुमरतीबाईचं धुक्याचं बोलणंही घातलं, स्थानिकांचा अनुभव म्हणून.

एकही ओळ खोटी नाही. माझ्या आजवरच्या लिखाणात इतकं पक्कं काही झालेलं नसेल. साहेब म्हणाले, असा अभ्यासू अहवाल आमच्याकडे कधी आला नाही.

बोअरबद्दल एक वाक्य आहे. "निश्चित संबंध प्रस्थापित करण्याइतपत माहिती उपलब्ध नाही."

२८ मार्च

बेलढाण्यात सभा झाली. अहवाल मीच समजावून सांगावा असं साहेबांनी सुचवलं. शाळेच्या ओट्यावर उभी राहून बोलले. हवा बदलली, सगळ्या जगातच बदलली, आपल्या हातात नाही. टँकर येईल, पुढं योजना होईल.

मला वाटलं भांडतील. कोणी भांडलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "सूरज से किसका झगड़ा." सुमरतीबाई माना डोलावणाऱ्यांत होती. तिच्याच शब्दांनी मी तिला पटवलं होतं.

सभा संपल्यावर तिनं घरी नेलं. बसायला गोणपाट टाकलं, स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. गढूळ, नाल्याचं. सुनेनं, रामकलीनं, सकाळी आणलेलं. दोन हंडे आणले होते, एक रस्त्यात सांडला असं ती हसत सांगत होती. मी पूर्ण पेला प्यायले. अर्धा ठेवला असता तर बरं दिसलं नसतं.

६ एप्रिल, बार्शीटाकळी

रविवार म्हणून घरी आले. दुपारी बाहेर उभं राहवत नाही. बाबा ओसरीत माझा अहवाल वाचत बसले होते, पहिला, हॉटेलचा. बाबांनी मागितला म्हणून सुमरतीबाईनं तहसीलमधून प्रत काढून पाठवली होती. चष्मा नाकावर, बोट ओळीखाली. बाबा सातवी शिकलेत. त्यांना एवढं वाचायला किती दिवस लागले असतील.

म्हणाले, "सहावा पॉइंट कुठं गेला?"

मी म्हणाले, "खिळा नीट बसला नव्हता."

"तो खिळा म्या ठोकला होता. चांगला बसला होता."

आई दारात येऊन परत गेली.

बाबांनीच सुरुवात केली. पातूरकडं डोंगरातल्या एका गावात, माझ्या जन्माआधी, पंजाबराव नावाच्या माणसाच्या वरच्या शेतात त्यांनी जागा दाखवली होती. विहिरीला धो धो पाणी लागलं. त्यांना हार घातला, बैलगाडीतून मिरवलं. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या वस्तीची जुनी विहीर आटली. तिथले लोक बाबांकडंच आले, आमच्यासाठी नवी जागा दाखवा म्हणून. बाबांनी दाखवली. लागली नाही. पुढं ते त्या गावाच्या वाटेनं कधी गेले नाहीत.

"नारळ तं लोकाइच्या समाधानासाठी हो, बेटा. मी झाडं पायतो, वारूळ पायतो, दगड पायतो. तवाबी मले दिसलं होतं का खालची विहीर त्याच पाण्यावर हाय. हार घालून राहिले होते, मंग कोन सांगते." मग म्हणाले, "मले वाटलं, तू शिकली. तुह्यापाशी मशीन हाय. तुह्याच्यानं असं होनार नाई."

त्यांनी एकदाही मला विचारलं नाही की तू हे का केलंस. विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर तयार केलं असतं.

११ एप्रिल

चार दिवस रोज ठरवते, उद्या तहसीलला जाईन.

१५ एप्रिल

गेले नाही. तिवशाकडच्या एका बागेचं काम होतं. ते खरंच होतं.

१९ एप्रिल

सुमरतीबाई दरीत पडली. डोक्यावर हंडा होता, टँकर अजून पोचलेलाच नव्हता. खुबा मोडला. रामकली आणि आणखी चौघी जणींनी झोळीत घालून तिला रस्त्यापर्यंत वर आणलं, मग जीपनं परतवाडा, मग अमरावती. बाबांचा फोन आला. ते म्हणाले, "दवाखान्यात हाय, तुह्या घरापासून जवळ." आणि ठेवून दिला.

२० एप्रिल, अमरावती

दवाखान्यात गेले. पायाला वजन बांधून ठेवलंय. मला पाहून ती रामकलीला म्हणाली, "बाई को बैठने दे."

मी बसले नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवली नाहीत. म्हणाले, "सुमरतीबाई, झिरा एकट्या उन्हानं आटला नाही. वरच्या बोअरनं आटला. ती जागा मी दाखवली."

"बोर तो हमने भी देखा था," ती म्हणाली. "तुमने कहा बोर का नहीं है, तो हमने मान लिया."

"मला आधी माहीत होतं. असं होईल, हे मला यंत्रावर दिसलं होतं."

तिला समजलं नाही असं वाटलं. मग म्हणाली, "पहले से?"

"हो."

"और उस दिन, स्कूल में?"

"तेव्हाही."

ती माझ्याकडं पाहत राहिली. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. रामकली उभी राहिली, माझी पर्स खुर्चीवर होती ती उचलून माझ्या हातात दिली. "तुम जाओ बाई."

जिन्यात एक ओळखीचे डॉक्टर भेटले. इकडे कुठे म्हणाले. मी म्हणाले, "एका पेशंटला भेटायला." तेवढंही पूर्ण खरं नाही.

२२ एप्रिल

खुशालरावांकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते धमकावतील. ते शांत होते, त्यानं जास्त लागलं.

"मॅडम, मी दगडातलं काय समजतो. मी तुमच्या सहीवर बोअर मारला. तेव्हाच बोलल्या असत्या तं दुसरी जागा पाहिली असती."

खरंच पाहिली असती का, कोण जाणे. मी त्यांना तशी संधीच दिली नाही. इतके दिवस मी मनात त्यांना पुढं करून त्यांच्या मागं उभी होते. त्यांना घाई होती, त्यांना पाणी पाहिजे होतं. त्यांनी कधीच मला काही वगळायला सांगितलं नव्हतं.

निघताना म्हणाले, "तहसीलला लिहून देता तं द्या. पण मंग तुमच्या सहीवर पुढं कोन भरोसा ठेवन?"

मी म्हणाले, "ठेवू नये."

२४ एप्रिल

तहसीलला गेले. सहाही जागांची वाचनं जोडली, पाइप वीस फुटांवर थांबवल्याचं लिहिलं, उपाय लिहिला. साहेबांनी दोन्ही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा तुमचाच, आणि हा त्याच्या विरोधातला, तोही तुमचाच. मी वर काय कळवू?" मग म्हणाले, आधी का लपवलं त्याचं कारण लिहून द्या, त्याशिवाय कागद पुढं जाणार नाही.

तीन ओळी लिहून खोडल्या. कामाचा ताण, वेळेची मर्यादा, वाचनाची अनिश्चितता. शेवटी लिहिलं, "काम हातचे जाईल या भीतीने." कारकुनानं ते मोठ्यानं वाचून आवक नोंदवली. खोलीत सात-आठ लोक होते.

३ मे

तिवशाच्या बागवाल्यांनी काम थांबवलं. एक लेआउटवालाही. बातमी पेपरात दोन परिच्छेदांत आली आहे, नाव बरोबर छापलंय. कॉलेजातल्या रागिणीचा मेसेज आला, "धाडस केलंस." उत्तर दिलं नाही. झिरा आटायच्या आधी केलं असतं तर धाडस.

१५ मे, चिखलदरा

बोअर बंद करायचा आदेश निघाला. खुशालराव कोर्टात जाऊ शकले असते, गेले नाहीत. हॉटेलच्या निम्म्याच खोल्या चालवायच्या, छपरांचं पाऊसपाणी साठवायचं असं ठरवलंय त्यांनी. माझ्याशी बोलत नाहीत, पण सिमेंटच्या गोण्या वेळेवर आल्या होत्या.

लाल थराच्या खालपासून वरपर्यंत सिमेंट भरायचं, बारीक पाइपानं, तळापासून हळूहळू, मध्ये पोकळी राहू न देता. बाबा आले होते. पाइप त्यांनीच धरला. बोअरवाल्यानं त्यांना विचारलं, काका तुम्ही कोण? बाबा माझ्याकडं पाहू लागले. मी म्हणाले, "माझे वडील. पाणाडे आहेत."

बाबा म्हणाले, "पाइप हालून राहिला, तिकडं पाय." त्यांना त्या क्षणी पाइपाचीच काळजी होती.

कामातून मान वर केली तर कड्याच्या काठावर बेलढाण्याच्या चार बायका बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत बसून होत्या. एकही जवळ आली नाही.

११ जुलै

जून कोरडा गेला. परवापासून दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडला. घाट बंद आहे. हे पाणी किती मुरलं असेल, विचार करवत नाही.

२० ऑगस्ट

रामकलीचा फोन. "झिरा चालू है." पावसात सगळेच झिरे चालू असतात, मी तिला म्हणाले. पाऊस गेल्यावर कळेल. तिनं फोन ठेवला. मला नुसतं बरं झालं म्हणता आलं असतं.

२३ नोव्हेंबर, बेलढाणा

तहसीलच्या साहेबांनी सांगितलं, वस्तीनं झिऱ्याची नोंद ठेवायची, मोजायचं कसं ते तुम्ही शिकवा. याचा मोबदला नाही. मी लगेच हो म्हणाले.

बादली भरायला एक मिनिट बत्तीस सेकंद लागले. तीनदा मोजलं. गेल्या वर्षीपेक्षा पाणी पुष्कळ कमी आहे. यात कोरड्या जूनचा वाटा किती, त्या दोन दिवसांच्या पावसाचा किती, आणि मी केलेल्या भोकाचा किती, मला सांगता येत नाही. सिमेंट सगळीकडं बसलं का, तेही नाही. बायकांना तेच सांगितलं. त्यांना एक आकडा हवा होता. माझ्याजवळ तो नव्हता.

सुमरतीबाई काठी घेऊन आली. खुबा जुळला, पण पाय आखूड पडलाय. उतार तिला आता जमत नाही, झिऱ्यापर्यंतच येते. माझ्याशी बोलली नाही. मी नमस्कार केला तेव्हा तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. बाबांची चौकशी मात्र तिनं रामकलीकरवी केली.

रामकलीला आणि तिच्या जावेला मी मोबाइलवर वेळ लावायला शिकवलं. बादली कुठं धरायची, शिंतोडे बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, तीनदा मोजायचं, तारीख टाकायची. वहीत रकाने आखून दिले. रामकली सहावीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल आहे. पहिली नोंद तिनं केली.

मग तिनं विचारलं, "बाई, पानी कम दिखा तो भी लिखना क्या?"

साधा प्रश्न होता. टँकर बंद होईल की सुरू होईल, असा काहीतरी तिचा हिशेब असणार. पण सगळ्या बायका माझ्याकडं पाहू लागल्या. सुमरतीबाईही, सकाळपासून पहिल्यांदा.

मी म्हणाले, "हो. तो भी लिखना."

सुमरतीबाईनं रामकलीच्या हातातली वही घेतली, तिला वाचता येत नाही तरी पान थोडं लांब धरून पाहिलं, आणि परत दिली. मग ती मला म्हणाली, "अगले महीने आना. देखने, कि ठीक लिखती है कि नहीं."

चढ चढून वर यायला मला आज तासभर लागला.